सोलापूर ते कोकण कॅम्परव्हॅननं: आंबा घाट, सागरी रस्ता, आंबोली. प्लॅन तपासून द्या

शेंगाचटणी (३ डिसेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी, आजपर्यंत नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढायलेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरचे, जुळे सोलापूर भागातले. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उरकला की कॅम्परव्हॅन भाड्यानं घेऊन कोकणात जायचं घरात ठरलंय. माणसं पाच. आम्ही दोघं, बारा वर्षांची लेक, मामंजी ७१ आणि सासूबाई ६६.

व्हॅनच का, तर त्याला दोन कारणं आहेत. मामंजी एसटीत ड्रायव्हर होते, सोलापूर-रत्नागिरी रातराणीवर त्यांनी कितीतरी वर्षं काढली. आंबा घाट त्यांना वळणावळणानं पाठ आहे पण तो अंधारातला. सकाळी रत्नागिरी स्टँडला गाडी लावायची, विश्रांतीगृहात झोपायचं, संध्याकाळी परत ड्युटी. समुद्र त्यांनी एवढ्या वर्षांत दोनदाच बघितलाय. परवा जेवताना म्हणाले, "घाटात खाली काय आहे ते मी कधी बघितलंच नाही, हेडलाईटच्या उजेडात दिसंल तेवढाच माझा घाट." तेव्हापासून माझ्या डोक्यातून जाईना.

दुसरं कारण सासूबाईंचं. शुगर आहे, गुडघे धरलेत, तासा-दीड तासाला लघवीला जावं लागतं. रस्त्यावर बाईमाणसाला जागा मिळत नाही म्हणून प्रवासात त्या पाणीच पीत नाहीत, आणि मग घरी आल्यावर दोन दिवस झोपून. गाडीतच संडास असला तर त्या मोकळेपणानं येतील.

प्लॅन असा केलाय: पहिला दिवस सोलापूर ते महाबळेश्वर, दुसरा दापोली, तिसरा गणपतीपुळे, चौथा मालवण, पाचवा गोवा, सहाव्या दिवशी घरी. जमेल का? आणि व्हॅन घेताना काय बघायचं ते पण सांगा.

विजापूर_वेस (३ डिसेंबर, रात्री १०:०५)

ताई लई भारी विचार आहे की! आजोबांना नमस्कार सांगा. गोव्यापर्यंत जायलाच तर एक दिवस वाढवून चोर्ला घाटानं बेळगाववरून या, तो घाट पण बघण्यासारखा आहे.

भटकी_मावशी (३ डिसेंबर, रात्री ११:३०)

शेंगाचटणी, तुझं कारण वाचून मनापासून बरं वाटलं आणि म्हणूनच स्पष्ट लिहिते, हा प्लॅन मोडून टाक. मी अशा व्हॅननं तीनदा कोकण केलंय, दोनदा याच चुकीनं हाल झाले.

कारनं जाताना आपण ठिकाणं ठरवतो आणि झोपायला हॉटेल बघतो. व्हॅनला उलटं करायचं. आधी रात्री गाडी कुठं उभी राहणार ते ठरवायचं आणि मग दोन मुक्कामांच्या मधे जे येईल ते बघायचं. रात्रीची जागा म्हणजे सपाट जमीन, वर फांद्या आणि वायरी नाहीत, पाणी भरायला नळ, टॉयलेटची टाकी रिकामी करायला खरा संडास, आणि मालकाची फोनवर घेतलेली परवानगी. हे पाच मिळाले की झोप लागते. नाहीतर रात्री अकराला काचेवर टकटक होते आणि बाहेर कोण आहे हे कळत नसतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन तो अनुभव नको गं.

आणि अंतर. मोठी व्हॅन कोकणातल्या आतल्या रस्त्यानं तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर जात नाही. किनाऱ्यानं दिवसाला ८० ते १०० किलोमीटर, बस्स. तू दापोली ते मालवण दोन दिवसांत लिहिलंयस, त्यात समुद्र फक्त खिडकीतून दिसेल. महाबळेश्वर काढ, दापोली काढ, गोवा तर काढच. रत्नागिरी ते मालवण एवढाच पट्टा धर आणि त्याला पाच-सहा दिवस दे.

व्हॅन बुक करताना आत झोपून बघ. खरंच आडवी हो. फोटोत सगळे बेड सहा फुटी दिसतात. सासूबाईंना वरचा बेड जमणार नाही, खालचा बेड किती उंच आहे, पाय टेकून उठता येतं का, टॉयलेटच्या दारातून गुडघा न वाकवता आत जाता येतं का, हे त्यांना प्रत्यक्ष नेऊन बघ.

शेंगाचटणी (४ डिसेंबर, सकाळी ७:१५)

मावशी, रात्री वाचून थोडं वाईट वाटलं पण सकाळी नकाशा घेऊन बसले तेव्हा पटलं. मामंजींना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं, गाडी थांबवायला निघालोय आपण, पळवायला नाही." गोवा काढला.

जांभा_दगड (४ डिसेंबर, दुपारी २:२०)

मी रत्नागिरी तालुक्यातला, किनाऱ्याजवळच घर. रत्नागिरी ते मालवण हा निर्णय योग्य आहे, दक्षिणेच्या या पट्ट्यात पूल आहेत. भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर, मग विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण असं सरळ खाली उतरत जाता येतं. उत्तरेला गेलात तर तवसाळ-जयगड, दाभोळ-धोपावे अशा फेरीबोटी लागतात. बोटीत बसायला मजा येते, मुलीला आवडेल, पण ओहोटीच्या वेळी रॅम्प तिरका होतो आणि लांब शेपटीच्या गाडीचा मागचा बंपर घासतो. कधी गेलातच तर भरतीच्या आसपासची फेरी धरा, हँडब्रेक ओढा आणि गॅसचा नॉब बंद करा.

भरती कधी हे बघायला आमच्याकडचा जुना हिशोब सांगतो. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अगदी मिनिटाला बरोबर येत नाही पण कालनिर्णय बघून दिवस आखायला पुरतं. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त वर येतं, तेव्हा किनाऱ्याच्या अगदी तोंडाशी गाडी लावू नका.

आणि हात जोडून सांगतो, वाळूत गाडी घालू नका. दरवर्षी कुणीतरी घालतं, चाक रुततं, पाणी वाढायला लागतं आणि मग आम्ही गाववाले दोर घेऊन पळतो. तुमची गाडी तर तीन-साडेतीन टनाची. शिवाय त्याच वाळूत कासवं अंडी घालायला येतात, गावखडीला पण येतात, त्यांचा हंगामही थंडीपासूनच सुरू होतो. रात्री किनाऱ्यावर मोठे दिवे लावू नका.

रस्ते अरुंद आहेत. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), वर आंब्या-फणसाच्या फांद्या. सुमोला जागा मिळते तिथं तुमची उंच गाडी अडेल. उतरून पुढं चालत जाऊन बघणारा एक माणूस ठेवा.

अक्कलकोट_रोड (४ डिसेंबर, रात्री ८:५०)

माझं अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळ ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, दोन व्हॅनचं वायरिंग मी स्वतः केलंय म्हणून लिहायलोय. मालक तुम्हाला सांगणार "इन्व्हर्टर आहे, सगळं चालतं." त्यावर जाऊ नका, बॅटरी किती ॲम्पिअर-तासाची आणि कुठल्या जातीची ते विचारा.

हिशोब बघा. १२ व्होल्टचा फ्रिज चालू असताना ४५ वॅटच्या आसपास घेतो, पण तो थांबत थांबत चालतो, दिवसाला ५०० वॅट-तास धरा. फॅन ३० वॅटचा आठ तास म्हणजे २४०. दिवे ५०, पाच जणांचे मोबाईल ७५. झाले साडेआठशे. १०० ॲम्पिअरची लिथियम बॅटरी १२८० वॅट-तासाची असते, म्हणजे एक दिवस आरामात निघतो. तीच लेड-ॲसिड असली तर निम्मीच वापरायची, त्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य संपतं, मग पहाटे फॅन बंद.

टपावर २०० वॅटचं सोलर असलं तरी तुम्ही गाडी झाडाखाली लावणार, तिथं पॅनेल काय करणार. खरं चार्जिंग गाडी चालताना होतं, त्यासाठी डीसी-डीसी चार्जर, म्हणजे इंजिनच्या विजेवर आतली बॅटरी भरणारा चार्जर, लावलेला असावा लागतो. ३० ॲम्पिअरचा असला तर दोन तासांच्या ड्रायव्हिंगमधे जवळजवळ ७०० वॅट-तास परत येतात. हा चार्जर आहे का, एवढं नक्की विचारा.

एसी बॅटरीवर रात्रभर चालणार नाही. जानेवारीत लागणार पण नाही. लावायचाच असला तर होमस्टेवाल्याकडून १५ ॲम्पिअरचा सॉकेट मागा, जाड वायरचं एक्स्टेंशन घ्या.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, कधीच नाही. आत शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. गॅस घेतलात तर ५ किलोचा छोटा सिलिंडर, घरची १४.२ किलोची लाल टाकी नेऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक आहे का बघा. स्वयंपाक दार उघडं ठेवून नाहीतर बाहेरच.

काळा_कोट (५ डिसेंबर, सकाळी १०:३०)

कागदपत्रांवर थोडक्यात लिहितो, कारण यात लोक फसतात.

नंबरप्लेट बघा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्यानं देता येत नाही, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात ती स्वतः चालवायला भाड्यानं द्यायची गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट मिळणारी.

गाडीच्या आत बेड-किचन बसवलं असेल तर तो बदल आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) चढलेला असला पाहिजे, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ त्यासाठीच आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, चांगला मालक त्याचे कागद दाखवतो. आरसीवर सीट किती लिहिल्यात तेवढीच माणसं, आणि चालत्या गाडीत बेडवर कुणी झोपायचं नाही, सगळ्यांनी बेल्ट लावून सीटवर.

लायसन्सचा प्रश्न नेहमी येतो. ७५०० किलोच्या आतल्या ट्रान्सपोर्ट गाडीला एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मधे ते स्पष्ट केलंय. टोल मात्र कारच्या ऐवजी मिनीबसच्या दरानं कापला जाऊ शकतो. राज्य सरकारनं २०२१ मधे कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलंय, त्यामुळं एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) रिसॉर्टला फोन करून पार्किंग, पाणी, वीज मिळेल का हे विचारायला अजिबात लाजू नका.

विजापूर_वेस (५ डिसेंबर, दुपारी १:१०)

सगळं वाचून मला एक प्रश्न पडलाय, राग मानू नका. एवढं बॅटरी, टाकी, पाटी बघण्यापेक्षा आपली साधी गाडी घेऊन होमस्टेत राहिलं तर पैसे पण वाचतील आणि आजोबा-आजी नीट पलंगावर झोपतील की.

भटकी_मावशी (५ डिसेंबर, दुपारी ३:४५)

विजापूर_वेस, पैसे वाचतील हे खरं. व्हॅन स्वस्त पडते म्हणून कुणी घेऊ नये, डिझेल आणि भाडं धरलं तर ती महागच पडते. पण ज्या बाईला दर तासाला संडास लागतो तिच्यासाठी होमस्टे फक्त रात्रीपुरता असतो रे. दिवसाचे आठ तास ती कुठं जाणार? मी माझ्या आईला नेलं होतं तेव्हा तिनं पहिल्यांदा प्रवासात पोटभर पाणी पिऊन बघितलं. तुझं निम्मं मी मान्य करते, शेंगाचटणी, दोन रात्री होमस्टेत काढ, अंगणात व्हॅन लाव, म्हाताऱ्यांना आत पलंग दे.

टॉयलेटबद्दल राहिलंच. कॅसेट, म्हणजे टॉयलेटची काढता येणारी टाकी, साधारण वीस लिटरची असते, पाच माणसांत दीड दिवस पुरते. रोज सकाळी रिकामी करायची, ती खऱ्या संडासातच. ओढ्यात, रस्त्याकडेला, खाडीत अजिबात नाही. मालकाला आधीच विचारायचं, आणि नंतर त्याचा संडास आपण धुऊन द्यायचा. भांडी धुतलेलं पाणी पण बादलीत धरायचं. आपल्या मागं गावात काय बोललं जातं त्यावर पुढच्या व्हॅनला जागा मिळणार का नाही ते ठरतं.

कोल्हापुरी_तात्या (५ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०)

ताई, पहिल्या दिवशी सोलापूर-मंगळवेढा-सांगोला-मिरज करत कोल्हापूर गाठा, अडीचशेच्या आत किलोमीटर आहेत, पुढं ओढू नका. पहिल्या दिवशी थेट घाट उतरायचा नाद लई वाईट. आंबा घाट दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाला, धुकं उठल्यावर. कोल्हापूरपासून मलकापूर, मग आंबा, खाली साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. सगळं मिळून १३० किलोमीटर. चौपदरीकरणाचं काम जागोजागी चालू असतंय, अंधारात अजिबात नको.

येताना आंबोली धरा. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूर. फोंडा घाट आणि करूळ घाट पण आहेत पण उंच गाडीला आंबोलीचा चढ मला बरा वाटतो आणि वरती हिरण्यकेशीचा उगम आहे, गारवा आहे, म्हाताऱ्या माणसांना बरं वाटंल. कोल्हापुरात काही लागलं तर हक्कानं सांगा.

शेंगाचटणी (७ डिसेंबर, रात्री १०:२०)

सगळ्यांचे खूप खूप आभार. दोन दिवस वही घेऊन बसलो होतो घरातले सगळे. मामंजींनी चष्मा लावून धागा पहिल्यापासून वाचला आणि म्हणाले माझं पण लिही. तर त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा ड्रायव्हर निम्म्या घाटात ब्रेक जाळतो. जळका वास आला की बाजूला घेऊन अर्धा तास थांबायचं, पाणी ओतायचं नाही. न्यूट्रल तर पाप. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जागा द्यायची, तिचा वेग तुटला की परत उचलत नाही. आणि व्हॅनमधे पाण्याची टाकी शंभर लिटरची म्हणतेस, म्हणजे शंभर किलो वजन हलतंय. घाट उतरायच्या आधी ती एकतर गच्च भरलेली पाहिजे नाहीतर जवळजवळ रिकामी, अर्धी टाकी वळणावर गाडी ओढते."

शेवटचं मला कुठंच वाचायला मिळालं नव्हतं.

नवा प्लॅन: कोल्हापूर १, रत्नागिरीजवळ २ (त्यात एक दिवस आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळे आणि मालगुंडला केशवसुतांचं घर, लेकीला शाळेत कविता आहे), कशेळी-आडिवरे भागात १, कुणकेश्वर १, मालवण २, आंबोली १, कोल्हापूर १. नऊ रात्री, हजार-अकराशे किलोमीटर. सगळीकडं फोन करून जागा पक्क्या केल्या, दोन जणांनी नाही म्हटलं, ते पण नीट बोलून.

खायचं सामान सासूबाईंनी हातात घेतलंय. कडक भाकरी दोन डबे, शेंगाची चटणी, डाळीचं पीठ, लसूण. कडक भाकरीला ना फ्रिज लागतो ना गॅस, मोडायची आणि दह्यात नाहीतर आमटीत भिजवायची.

अक्कलकोट_रोड (७ डिसेंबर, रात्री १०:५०)

आजोबांनी टाकीचं सांगितलं ते सोळा आणे खरं. निघायच्या आधी गाडी माझ्याकडं आणा, बॅटरी लोड लावून बघून देतो, पैसे नको.

शेंगाचटणी (६ फेब्रुवारी, रात्री ९:०५)

आलो परत! चार दिवस झाले, कपडे धुण्यातच गेले. सगळं लिहीत नाही, जे सांगायलाच पाहिजे तेवढं लिहिते.

आधी चुका. अक्कलकोट_रोड दादांनी लोड लावल्याबरोबर बॅटरी बसली, लेड-ॲसिडची जुनी निघाली. मालकाला सांगितलं तर आधी कुरकुर केली, मग बदलून दिली. ते बघितलं नसतं तर पहिल्याच रात्री अंधारात बसलो असतो. दुसरं, कोल्हापूरला पहिल्या रात्री गाडी सपाट आहे असं वाटलं आणि पहाटे सासूबाईंना गरगरायला लागलं. डोक्याकडची बाजू दोन-अडीच इंच खाली होती. दुसऱ्या दिवसापासून फरशीवर वाटीत पाणी ठेवून बघायचो आणि चाकाखाली लाकडाच्या फळ्या द्यायचो, लेकीचं ते कामच झालं. तिसरं, आडिवऱ्याच्या अलीकडं फांदी टपाला घासली, सोलरच्या फ्रेमला ओरखडा आला. मी पुढं चालत होते पण खालचा गडगा बघत होते, वर बघितलंच नाही. दोन माणसं लागतात, एक खाली बघायला आणि एक वर.

आता आंबा घाट. तात्या म्हणाले तसं साडेनऊला वर पोचलो. ह्यांनी गाडी कडेला रुंद जागा बघून घेतली. मामंजी उतरले, कठड्यापर्यंत गेले आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवून उभे राहिले. खाली झाडी आणि त्याच्या पलीकडं डोंगराच्या रांगा एकामागं एक, लांबच्या निळ्या होत गेलेल्या. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग मागं वळून रस्त्याकडं बघत म्हणाले, "ह्या वळणाला मी दोनदा डिपर द्यायचो. पलीकडं एवढं मोकळं आहे हे कळलंच नव्हतं." मग उतरताना पुढच्या सीटवर बसून ह्यांना प्रत्येक वळण आधी सांगत होते, आता डावं, आता लांब उजवं, इथं सेकंड. एकही चुकलं नाही. सासूबाई मागून म्हणाल्या, "रोज रात्री मी घरात जागी असायची तेव्हा तुम्ही इथं होता होय."

सासूबाई वाटेत पाणी पीत होत्या. मी मोजत होते मुद्दाम, दिवसाला दोन बाटल्या. परत आल्यावर एक दिवस पण झोपून राहिल्या नाहीत.

जांभा_दगड दादा, तुमची पाऊणपट लेकीनं वहीत मांडून ठेवली आणि रोज पडताळली. दशमीला साडेसात निघाली, कुणकेश्वरला आम्ही सकाळी बघत बसलो, पाणी पावणेआठच्या सुमारास टेकलं आणि मग ओसरायला लागलं. ती आता सोलापुरात कालनिर्णय बघून सांगते, आता मालवणला भरती असेल.

मालवणला सकाळी किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत होते. पंधरा-वीस माणसं दोन दोरांना, पाय वाळूत रोवून, मागं मागं चालत. मामंजी बघत उभे होते तर एका म्हाताऱ्या बाबांनी हातानंच बोलावलं आणि दोर हातात दिला. आमचे हे घाबरले, वडिलांचं ७१ वय, कंबर धरेल. पण ते तालात येऊन अर्धा तास ओढत होते. जाळं आलं तेव्हा त्या बाबांनी मूठभर मासे कागदात बांधून दिले, मी पैसे काढले तर म्हणाले, "ओढलंय ना त्यांनी, वाटा हाय त्यांचो." आमच्या घरात मासे शिजत नाहीत, ते शेजारच्या होमस्टेच्या ताईंना दिले, त्यांनी त्याच्या बदल्यात सोलकढी दिली.

जांभा_दगड (६ फेब्रुवारी, रात्री ९:५०)

वाचून डोळे भरून आले हो ताई. लेकीला सांगा, आमच्याकडं आता शाळेतल्या पोरांना पण पाऊणपट येत नाही. पुढच्या वेळी पूर्णगडला थांबा, किल्ला छोटा आहे, आजीला चढायला जड जाईल पण खाडीचं मुख खालूनही दिसतं.

विजापूर_वेस (६ फेब्रुवारी, रात्री १०:१५)

ताई, मी होमस्टेचं बोललो होतो ते मागं घेतो. माझ्या आईचं पण असंच आहे, फक्त आम्ही कधी कुणाला बोललो नव्हतो. त्या व्हॅनचा खालचा बेड किती उंच होता आणि टॉयलेटचं दार किती रुंद, मोजलंय का?

शेंगाचटणी (६ फेब्रुवारी, रात्री १०:४०)

मोजलंय दादा. बेड जमिनीपासून अठरा इंच, त्यांचे पाय टेकत होते. दार वीस इंच, अंग तिरकं करून जावं लागायचं, पण आत डाव्या हाताला धरायला दांडी होती, ती नसती तर उठता आलं नसतं. दांडी आधी हलवून बघा, आमची सैल होती, ह्यांनी निघायच्या आदल्या रात्री स्क्रू बदलून घट्ट केली. आईंना सोबत घेऊन या, गाडी बघायला जाताना मी येते तुमच्याबरोबर.